होडीखालच्या तीन दुपारी

पेनावर एका माणसाचा अंगठा उमटला होता. बाबली मेस्त्रीने ते पडवीच्या उजेडात धरलं, तिरकं केलं, चष्मा कपाळावर ढकलून अगदी डोळ्यापाशी नेलं. काळ्या गुळगुळीत अंगावर, टोपणाच्या खाली दोन बोटांवर, एकात एक गुंडाळलेल्या बारीक रेषा स्वच्छ दिसत होत्या; मधोमध एक आडवा चरा, बहुधा जुन्या कापाचा. पुण्याच्या ज्या गिऱ्हाइकाला त्याने कधी पाहिलं नव्हतं, त्याच्या अंगठ्याला कधीकाळी सुरी लागली होती हे त्याला आता ठाऊक झालं. खोक्यात चिठ्ठी होती. अक्षर सरळ, शाई निळी, दुसऱ्या कुठल्यातरी पेनाची. ‘मेस्त्री, पेन एक दुपार माझ्या गाडीत राहिलं. संध्याकाळी हातात घेतलं तेव्हा चिकटत होतं. माझा अंगठा उमटला आहे तो पाहावा. दोष कुठे आहे ते तुम्हाला कळेल असं वाटतं. एकवीस मेला मी मालवणला येतो आहे. दुसरं तयार असेल तर घेईन. अनिश परांजपे.’ रागाचा एक शब्द नव्हता. त्यामुळे बाबलीला कोणाशी भांडायचीही सोय राहिली नाही.

“काय लिवला हा?” सावित्रीने आतून विचारलं. ती कोकमं वाळत घालून आली होती आणि तिचे हात मनगटापर्यंत लाल होते.

“पेन परत इला.”

“कित्याक?”

“चिकाटता म्हणता.”

“खंय चिकाटता? दिया बघूया.” तिने लाल बोटांनी पेन दाबून पाहिलं. “माका तर बरा लागता.”

“आता गार आसा ता,” बाबली म्हणाला. त्याने पेन तिच्या हातातून घेतलं, अंगणाच्या पायरीवर उन्हात ठेवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं. अर्धा तास तो खुर्चीवरून उठला नाही. मग उठला, पेन उचललं, आपला अंगठा त्यावर टेकवून दहापर्यंत मोजलं. अंगठा सुटताना बारीकसा आवाज झाला, ओठ ओठांपासून सुटतात तसा. परांजप्यांच्या शेजारी आता मेस्त्रीचाही अंगठा उमटला होता.

जेवताना तो म्हणाला, “एकवीस तारखेक दुसरा दितंय तेका. ता पण असाच झाला तर लेथ निलेशच्या मेव्हण्याक दिवन टाकायचो. मगे मी आपलो पडवेर बसान रवतलंय.”

“बसान? तुमी?” सावित्रीने त्याच्या पानात आमटी वाढली. “दोन दिवस तरी रवतलात काय?”

तो हसला नाही. तिनेही मग आवाज बदलला आणि मासळी महाग झाल्याचं बोलू लागली. पण पेनं कातायचा लेथ होता त्या खोलीकडे तिने एकदा पाहिलं ते त्याने पाहिलं. ती खोली म्हणजे पूर्वीचा गोठा. तिथे तो लेथ आला त्याच्या आधीचं वर्ष तिने पाहिलं होतं. कुडाळच्या डॉक्टरने छातीचा फोटो उजेडावर धरून सांगितलं होतं की फायबरच्या होड्या बंद, रेझिनचा वास बंद, काचेची पूड बंद. आणि एकोणसाठ वर्षांचा हा माणूस घरी येऊन जो बसला तो आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून, जणू ते कोणीतरी सांभाळायला दिलेत आणि परत न्यायला येणार आहे. तो काही बोलत नसे. दारावरून कोणी होडी ढकलत नेली की आवाजावरून सांगे, तळाला पाणी शिरलंय. सांगून पुन्हा गप्प. पेनांनी त्याला त्यातून उठवलं. आधी शिसवाची, फणसाची केली. मग गोव्याच्या एका कारखान्यात शर्यतीची होडी बांधताना उरलेलं कार्बनचं कापड ओळखीच्या माणसाने त्याला गुंडाळून दिलं, आणि ते काळं, विणलेलं, केसासारखं हलकं कापड सळईवर थरावर थर गुंडाळून, तोंडाला मास्क बांधून रेझिनमध्ये भिजवून, सुकवून, लेथवर उतरवायला लागल्यापासून तो सकाळी चहा निवायच्या आत उठून जायला लागला. अकरा पेनं केली. अकराही गेली, पुण्याला, बेळगावला, एक तर कॅनडाला. परत आलेलं बारावं.

अकरा टिकली आणि बारावं का नाही, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला आणि उत्तर इतक्या लगेच आलं की त्याला ते ऐकायचं नव्हतं. अकरा पेनं डिसेंबर ते फेब्रुवारी. बारावं एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. एप्रिलमध्ये हवा तापते, आणि हवा तापली की रेझिन घट्ट करणारा हार्डनर कमी घालायचा. हे त्याच्या हाताला तो झोपेत असला तरी ठाऊक होतं. पस्तीस वर्षं त्याने होड्यांना रेझिन लावलं होतं. तो शिकला विजयदुर्गला, गोव्याहून आलेल्या एका कारागिराच्या हाताखाली. त्या माणसाकडे माप म्हणजे बाटलीचं बूच. ऑगस्टच्या गारठ्यात दोन बुचं, दिवाळीत एक, मे महिन्यात अर्धं, आणि वारा खारा असेल तर त्यातूनही चार थेंब कमी. दोन वर्षांत बाबलीने बूचही टाकून दिलं. बाटली तिरकी करायची, हात सांगेल तिथे सरळ करायची. मग मग्यावर तळवा ठेवायचा. रेझिन आतून ऊब धरायला लागलं की कळे, आता वीस मिनिटं आहेत, आता बारा. आचऱ्यापासून देवगडपर्यंत लोक त्याला बोलवायला येत, आणि येताना काटा, माप, असलं काही आणत नसत. मेस्त्रीचा हात म्हणजेच काटा, असं म्हणत. एकदा आचऱ्याच्या खाडीवर दुसऱ्या एका कारागिराने भर उन्हात हार्डनर ओतला, रेझिनने धूर सोडला आणि प्लास्टिकची बालदी खालून वितळून वाळूत बसली. सगळे हसले होते. सगळ्यांत मोठ्याने बाबली हसला होता. ते हसणं इतक्या वर्षांनी, आज, आमटी-भात चिवडताना त्याच्या कानात आलं आणि त्याला प्रथमच असं वाटलं की त्या कारागिराचं नावसुद्धा आपण विचारलं नव्हतं.

आणखी मागे त्याचा बाप होता. बाप लाकडाच्या होड्या बांधी. कुऱ्हाडीने फळीला बाक देई, दोरी आणि डोळा एवढ्यावर चाळीस फुटांची होडी उभी करी. बाबलीने फायबरची पहिली होडी मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर साच्यातून काढली तेव्हा बाप बघायला आला. भोवती एक फेरी मारली. “ही होडी न्हय रे,” म्हणाला, “बालदी ती.” लोक हसले, बाबलीही हसला, कारण तो चोवीस वर्षांचा होता आणि त्याच्या बालदीला दुसऱ्या दिवशी तिघांनी मागणी घातली होती. पुढे बाप रोज संध्याकाळी किनाऱ्यावर येई, सुकत ठेवलेल्या फायबरच्या अंगावर बोटाच्या पेराने टकटक करी, कान लावी, पण पुन्हा कधी काही बोलला नाही. तो काय ऐकत होता? बाबलीला वाटे, म्हातारा चूक शोधतोय. आज त्याला शंका आली की म्हातारा ते शिकत असेल. वयाच्या सत्तराव्या वर्षी, कोणाला न विचारता, पेराने टकटक करून.

सृष्टी सहाच्या एसटीने आली. ती त्याची धाकटी, कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत एका काजू कारखान्याच्या तपासणी विभागात होती, आणि पेनांचे फोटो काढणं, पत्ते लिहिणं, खोकी बांधणं तिच्याकडे. तिने पेन पाहिलं, चिठ्ठी वाचली, मग गोठ्यात जाऊन रेझिनचा डबा घेऊन आली आणि त्यावरची बारीक अक्षरं बोटाने दाखवली.

“बाबा, हयसर काय लिवला हा? शंभराक तीस. वजनान. तुमी किती घातलात?”

“हवा बघून घातलंय.”

“हवा बघून म्हणजे किती?”

“बावीस आसात. चोवीस.”

“ह्या होडयेचा रेझिन न्हय. ह्या एपॉक्सी. हेका हवा कळणा नाय. शंभर आणि तीस एकमेकांक गावले तरच दोघां सुकतत. उरलेला तसाच ऱ्हवता, ओला.”

“डब्यार लिवणारो एसीत बसान लिवता,” बाबली म्हणाला. “तेका मालवणचो मे महिनो काय ठावक?”

“आमच्याकडे काजूगर पॉइंट दोन ग्रॅमनी नापास जाता,” सृष्टी म्हणाली. “आणि तुमी परांजप्यांचा पेन हातान मोजतास.”

“ह्या हातान तुझी शाळा झाली गो.”

पर्समधून तिने सोनारांकडे असतो तसला छोटा काटा काढला, मोबाइलएवढा, आणि डब्याशेजारी ठेवून आत आईकडे गेली. तो काटा तिने आज घेतला नव्हता. त्याच्या कोपऱ्यावर ओरखडे होते. म्हणजे बरेच दिवस ती तो पर्समध्ये वागवत होती आणि बोलली नव्हती. पेन परत येणार हे तिला आधीच कळलं होतं? की बाप कधीतरी चुकेल, आणि त्या दिवशी हा काढावा, एवढंच तिने ठरवलं होतं? दोन्हींपैकी कुठलं जास्त टोचतं हे त्याला सांगता आलं नसतं. त्याने काटा उलटा करून ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा सरळ केला.

बारा तारखेला, सृष्टी कामावर गेल्यावर, त्याने दार लोटून घेतलं आणि कागदाचे दोन पेले मांडले. एकात हाताने, नेहमीसारखं. दुसऱ्यात काट्यावर, शंभराला तीस, शेवटचे थेंब काडीवरून सोडत. खरं सांगायचं तर हे त्याने डब्यावर लिहिणाऱ्याला खोटं पाडण्यासाठी केलं. रात्र दोन्ही पेल्यांनी गोठ्याच्या फळीवर काढली. तेरा तारखेला सकाळी दोन्ही सारखेच दिसत होते, काचेसारखे, आणि त्याने मनाशी म्हटलं: बघ. मग त्याने दोन्ही पायरीवर उन्हात ठेवले, बारा वाजेपर्यंत थांबला आणि नख दाबलं. हाताच्या पेल्यात नख मेणात जावं तसं गेलं. एक चंद्रकोर उमटून राहिली.

तो पायरीवर बसला. ऊन डोक्यावर होतं आणि त्याला उठून सावलीत जावंसं वाटलं नाही. त्याने आपला उजवा हात पाहिला. तळव्यावर जुने डाग, कडेला फायबरने कापलेल्या रेषा, तर्जनी थोडी वाकडी. या हाताने कधी काही मागितलं नव्हतं, त्यालाच सगळे विचारत आले होते. आणि तो खोटं बोलला नव्हता, हेच विचित्र होतं. हाताने नेहमीचंच खरं सांगितलं होतं, पण ते दुसऱ्या रेझिनचं खरं होतं. त्याला किनाऱ्यावर वाकून टकटक करणारा बाप दिसला, आणि त्या बापाला ‘काय आयकतास?’ एवढंही विचारायला चोवीस वर्षांचा बाबली थांबला नव्हता. घाम भुवयांवरून खाली उतरला. पडवीतून सावित्री हाक मारत होती, “आयकलात? पेज निवता.” तो उठायचा म्हणून उठला, आणि उठताना केवळ सवयीने, काम अर्धवट टाकायचं नाही म्हणून, त्याने दुसऱ्या पेल्यातही नख दाबलं.

तिथेही खूण उमटली. फार बारीक, केसाएवढी, तिरकं धरलं तरच दिसणारी. पण उमटली.

तो पुन्हा खाली बसला. हे कोणीच सांगितलं नव्हतं. ना डब्यावर लिहिणाऱ्याने, ना सृष्टीने. शंभराला तीस बरोबर होतं आणि पुरेसं नव्हतं. पुण्याच्या माणसाची गाडी या पायरीहून जास्त तापत असणार. मग तिथे मोजून केलेलं पेनही अंगठा घेणार, हलकासा का होईना. आणि इथे, भर उन्हात, पेज निवत असताना, त्याला हसू फुटलं. कारण पुढचं त्याला ठाऊक होतं. होडी बांधून झाली की तो ती लगेच पाण्यात जाऊ देत नसे. मालक कितीही घायकुतीला येवोत, होडी उपडी घालायची आणि तीन दुपारी तापू द्यायची. दुसरे कारागीर असं करत नसत, त्याला हसत. पण तापलेल्या होडीचा आवाज बदलतो, टकटक केलं तर ती कोरडं, उंच बोलते, हे त्याने ऐकलं होतं. रेझिन आणि हार्डनर यांतलं जे एकमेकांत गुंतायचं राहिलेलं असतं ते उन्हात गुंततं. होडीला जे लागतं ते पेनाला का लागू नये?

चौदा तारखेला त्याने पेनांच्या नळ्या गुंडाळल्या. सृष्टी समोर बसली आणि काटा वाचत गेली. तो ओतत गेला. “थांबा. अजून दोन थेंब. बस.” तिच्या आवाजात कसलीही जीत नव्हती, त्यामुळे त्याला ऐकणं जमलं. सळईला मेण, तिच्यावर कार्बनचं कापड, तिरक्या विणीची दिशा सारखी राहील असं, प्रत्येक थराला अंगठ्याने हवा बाहेर काढत. इथे काटा काही सांगू शकत नव्हता. कापड किती ओढायचं, किती सैल सोडायचं, बुडबुडा कुठे दडलाय, ते हातच बघत होता. आणि बाबलीच्या लक्षात आलं की सृष्टी काटा सोडून त्याच्या हाताकडे बघते आहे.

पंधराच्या सकाळी नळ्या टणक झाल्या होत्या. त्या घेऊन तो निलेशच्या अंगणात गेला. निलेश शेजारचा, मासेमारी करणारा, तिशीतला; त्याची निळी फायबरची होडी तळाला भेग गेली म्हणून अंगणात उपडी घातली होती. बाबली गुडघ्यावर बसला आणि तिच्याखाली शिरला. आत माणसाने श्वास घेऊ नये अशी हवा होती. मासळीचा, डांबराचा, जुन्या जाळ्याचा वास, आणि डोक्यावर निळ्यातून गाळून आलेला मंद उजेड. त्याने सृष्टीने कारखान्यातून आणून दिलेलं थर्मामीटर वाळूवर ठेवलं. एकोणपन्नास अंश. त्याने ते उचलून वर, जिथे होडीचा कणा जातो तिथे, सुतळीने टांगलं आणि थांबला. पन्नास, पंचावन्न, साठ. चौसष्टावर काटा थांबला. ऊब वर चढते, खाली ती वाळू पिते. एवढी गोष्ट पस्तीस वर्षं होडीखाली शिरूनही त्याने मोजली नव्हती. नळ्या त्याने तिथेच, कण्याखाली, हारीने टांगल्या.

“बाबलीकाका!” बाहेरून निलेशचे पाय दिसले. “आत काय करतास? मासे सुकयतास?”

“पेनां.”

“पेनां?” पाय थोडे थांबले. “ह्या वर्सा पेनांक भाव आसा काय?”

“मेल्या, होडयेक हात लावू नको. तीन दुपार.”

“आणि माझी भेग?”

“तुझी भेग मी सांगान भरून घेतंय. वास घेवचो नाय म्हणान सांगलानी हा डॉक्टरान, तोंड उघडूचा नाय म्हणान नाय सांगूक.”

तीन दुपारी. पहिल्या दुपारी एक वाजता चौसष्ट, दुसऱ्या दुपारी ढग आले आणि अठ्ठावन्न, तिसऱ्या दुपारी सासष्ट. आकडे त्याने कॅलेंडरच्या मागे लिहिले. सतराच्या संध्याकाळी नळ्या काढल्या तेव्हा त्यांचा रंग तोच होता, वजन तेच. त्याने एक नळी पायरीच्या दगडावर हलकेच आपटली. आवाज कोरडा आला. उंच. त्याने पुन्हा आपटली, निव्वळ ऐकण्यासाठी. मग तिसऱ्यांदा. सावित्री दारात येऊन उभी राहिली. “टाळ वाजवतास काय?” तिने विचारलं, आणि त्याचा चेहरा बघून तीही पायरीवर येऊन बसली.

अठराला सकाळी सातला त्याने लेथ सुरू केला. नाकातोंडावर जाड मास्क, डोळ्यांना चष्मा, शेजारी पाण्याची बाटली. कार्बनची पूड उडू द्यायची नाही, ओली करून खाली बसवायची, तिचा काळा चिखल फडक्याने टिपायचा. पोलादाची धार कार्बनवर दहा मिनिटांत मरते, म्हणून पात्याला त्याहून कठीण अशा कार्बाइडचं टोक. नळी फिरू लागली. पहिला स्पर्श. आधीच्या बारा नळ्यांवर पातं टेकलं की एक घुसमटलेला, जाड आवाज येई, दमट लाकडाचा येतो तसा, आणि त्याने तो कार्बनचाच समजला होता. आज पात्याखालून शिट्टी निघाली. बारीक, सलग, कुठेही न तुटणारी. त्याने टोक मागे घेतलं, पुन्हा टेकवलं, तीच शिट्टी. म्हणजे हे असं असतं. म्हणजे आजवर आपण अर्धवट सुकलेल्या वस्तू कातत होतो आणि लोक त्या चांगल्या म्हणत होते! त्याला लाज वाटायला हवी होती, पण लाजेला जागा नव्हती. हात पुढे गेला होता. मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा एक थर, मग आणखी एक. वरचं धुरकट रेझिन उतरत गेलं आणि खालून वीण वर यायला लागली, काळ्यात काळी, तिरकी, उजेडात रुपेरी होऊन सरकणारी, नुकत्याच जाळ्यातून काढलेल्या बांगड्याच्या पाठीसारखी. इथे थांबायला हवं. आणखी एक थर घेतला तर वीण कापली जाईल, धागे तुटून पांढरे दिसतील आणि नळी वाया. कुठलाही काटा ही जागा दाखवत नाही. ती शिट्टीत ऐकू येते, पात्याच्या दांड्यातून मनगटाला कळते, एका श्वासाच्या अंतराने. बाबलीने पातं उचललं. लेथ बंद केला. थांबत थांबत नळी उभी राहिली आणि वीण एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत अखंड होती.

दोन दिवस आटे पाडण्यात, टोपण बसवण्यात, ओल्या पॉलिश पेपरने घासण्यात गेले. दोनशेवीस नंबरपासून दोन हजारपर्यंत, प्रत्येक कागदाला दोनशे फेऱ्या, मोजून. मोजण्याचा त्याला आता राग येत नव्हता. खोकला एकदा आला, तो बाहेर जाऊन आंब्याखाली उभा राहिला, खोकला संपला, तो परत आला. निबसकट पेनाचं वजन भरलं अठरा ग्रॅम. सृष्टीने काट्यावरचा आकडा वाचला आणि पेन हातात घेऊन म्हणाली, “बाबा, ह्या हातात आसा असा वाटणाच नाय.”

“वाटूचा पण नाय,” तो म्हणाला.

एकवीसला साडेदहाला परांजपे आले. उंच, किडकिडीत, साठीचे, पांढरा शर्ट कोपरापर्यंत दुमडलेला. घरी येतो म्हणत होते. बाबलीने फोनवर त्यांना बंदरावर गाड्या लावतात तिथे थांबायला सांगितलं होतं आणि कारण सांगितलं नव्हतं. त्याने पेन दिलं. परांजप्यांनी ते फिरवलं, टोपण उघडलं, आट्यांवरून बोट नेलं, वहीत एक ओळ लिहिली. चांगलं आहे म्हणाले नाहीत.

“पहिल्यात दोष कुठे होता?”

या प्रश्नाचं उत्तर बाबलीने अकरा दिवस घोळवलं होतं. त्यात एप्रिलची हवा होती, डबा होता, कुरिअरवाला होता. “माझ्या हातात,” तो शाळेतल्या मराठीत म्हणाला. “हाताला होडीची सवय. मी मोजलं नाही.”

परांजप्यांनी पेनावरची नजर काढून त्याच्याकडे पाहिलं.

“आता हे गाडीत ठेवा,” बाबली म्हणाला. “तुमच्याच गाडीत, पुढच्या काचेखाली. काचा बंद. गाडी उन्हात घ्या. आणि तुम्ही होडीने किल्ला बघून या.”

“तुम्ही स्वतः सांगताय हे?”

“होय.”

“आणि परत बिघडलं तर?”

“तर मासे जेवून जावा. माझं काम संपलं.”

परांजपे गेले. बाबली समोरच्या चहाच्या टपरीच्या छपराखाली बसला. गाडी पांढरी होती, तिच्या टपावरून हवा थरथरत वर जात होती, आणि काचेमागे एक काळी रेघ दिसत होती, बोटाएवढी. त्याने तिकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि पाहत राहिला. साडेअकरा. बारा. त्याच्या मनात आकडे येत होते, चौसष्ट, अठ्ठावन्न, सासष्ट, आणि मधल्या ढगाळ दुपारचा अठ्ठावन्न एखाद्या कुसळासारखा परत परत. एक दुपार कमी तर पडली नाही? चौथी का दिली नाही? पण शिट्टी. शिट्टी खोटी बोलत नाही. हातही खोटं बोलला नव्हता. चहावाल्याने विचारलं, “मेस्त्री, कोणाची वाट बघतास?” “उन्हाची,” तो म्हणाला, आणि टपरीवाला हसला तेव्हा त्याला कळलं की आपण घाबरलेलो नाही. केव्हापासून, ते सांगता आलं नसतं. पण अकरा दिवसांच्या धास्तीची जागा मोकळी होती, आणि त्या जागी एक साधी, जवळजवळ उद्धट खात्री येऊन बसली होती. पेन टिकणार होतं. ते टिकणार हे त्याला पातं उचललं त्या क्षणीच कळलं होतं. राहिलं होतं ते परांजप्यांना कळायचं.

पावणेदोनला परांजपे परत आले, चेहरा उन्हाने लाल. त्यांनी गाडीचं दार उघडलं, आतून भट्टीसारखा झोत आला. त्यांनी पेन उचललं आणि एकदम “अरे!” म्हणून या हातातून त्या हातात टाकलं, गरम बटाट्यासारखं, आणि ते हसले, पहिल्यांदाच, एखाद्या पोराचं असावं तसं. मग रुमालात धरलं. मग रुमाल काढला, दात आवळून मूठ घट्ट मिटली आणि तशीच ठेवली. उघडली. पेन उजेडात तिरकं केलं, चष्मा वर केला, डोळ्यापाशी नेलं. बाबलीने त्या बघण्याची पद्धत ओळखली.

“काही नाही,” परांजपे म्हणाले. त्यांनी पेन दुसऱ्या बाजूने पाहिलं. “मेस्त्री, काही म्हणजे काही नाही.”

“नसणारच.”

“मला अजून दोन हवीत. मुलीला एक, आणि एक मलाच. सावकाश करा.” ते पेन ठेवून देणार होते, पण थांबले आणि त्यांनी ते बाबलीपुढे धरलं, वहीसकट. “तुम्ही लिहून बघितलंत का याने?”

बाबलीने कधीच बघितलं नव्हतं. निब तपासायला सृष्टी रेघा ओढी. लिहिण्याशी त्याचा संबंध सहीपुरता होता. त्याने पेन घेतलं. ते अजून तापलेलं होतं, पण त्याच्या तळव्याला तेवढं काही वाटलं नाही. त्याने वही गाडीच्या बॉनेटवर ठेवली, थोडा वाकला आणि कागदाच्या एका कडेला निब टेकवून हात सोडला. एक रेघ निघाली. खालून वर चढत, मध्ये किंचित बसत, पुन्हा उचलत, पानाच्या दुसऱ्या कडेपर्यंत. कुठे थांबली नाही, कुठे थरथरली नाही. चाळीस फुटांच्या होडीची कड, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, एका दमात.

“हे काय काढलंत?” परांजप्यांनी विचारलं.

“काय नाय,” बाबली म्हणाला, आणि शाळेतली मराठी त्याच्या तोंडून गळून पडली. “हात बघी होतंय. चलता अजून.”